आवाज तिचा, नावही तिचंच

मी काशीदहून बोलतेय. इथल्या आणि आजूबाजूच्या वाड्यांवरच्या बचत गटांची समन्वयक म्हणून मी काम करते. एरवी आपण कर्जाचे हप्ते, पासबुक, मसाल्याचं पॅकिंग यावर बोलतो. आजचा विषय वेगळा आहे. आम्ही मोबाइलवर एक धडा तयार करतोय, स्त्री कलावंतांवरचा. त्यात फोटो आहेत, आवाज आहेत, आणि मधेमधे प्रश्न आहेत. ऐकणारीने नुसतं ऐकायचं नाही, उत्तरही द्यायचं. तुमच्या गटालाही असा धडा करता यावा, म्हणून तो कसा रचला ते सांगते.

आधी तुम्हालाच एक प्रश्न. पाच कलावंत बायकांची नावं घ्या बघू.

लता मंगेशकर, आशा भोसले, मग एखादी नटी. चौथ्या नावाला गाडी अडते, हो ना? आता दुसरा प्रश्न. तुमच्याकडे लग्नात धवले कोण म्हणतं? आगरी-कोळी घरांत याचं उत्तर लगेच येतं. अमक्याची आजी, तमक्याची सासू. म्हणजे धवलारीण सगळ्यांना ठाऊक, पण तिचं स्वतःचं नाव पटकन कुणाच्या तोंडी येत नाही. लग्नाचा एकेक विधी तिच्या गाण्यावर पुढे सरकतो, सगळं तिला तोंडपाठ असतं, तरी तिला कलावंत कुणी म्हणत नाही.

आमच्या बैठकीत विचारलं, पूर्ण धवला कुणाला येतो? हात वर झाला तो एकच, सत्तरीच्या एका आजींचा. बाकीच्या जणी म्हणाल्या, आता हळदीला डीजे लागतो, आम्ही कधी शिकणार? म्हणून हा धडा घाईचा आहे.

नाव कसं हरवतं, ते वारली चित्रांवरून कळतं. आज ही चित्रं साडीवर, कपावर, हॉटेलच्या भिंतीवर दिसतात. पण मूळचं चित्र लग्नातलं. घराच्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक काढतात, मधे पालघट देवी असते, आणि धवलेरी गाणी म्हणते. १९७० च्या दशकात ही चित्रं कागदावर आली, बाजारात गेली. डहाणूकडच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांचं नाव जगभर झालं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं काम मोठंच आहे. पण त्यांच्या आधी पिढ्यान्‌पिढ्या चौक काढणाऱ्या बायकांपैकी एकीचं तरी नाव आपल्याला सांगता येतं का? भिंत पुन्हा सारवली की चित्र गेलं, आणि काढणारीचं नावही गेलं.

नाव कसं राखता येतं, त्याचं उदाहरण डोंगरापलीकडेच आहे. ताम्हिणी घाट चढून गेलं की मुळशी, त्याला लागून मावळ. तिथल्या आणि महाराष्ट्रातल्या इतर अनेक गावांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर वर्षानुवर्षं गोळा केल्या. लाखाहून जास्त ओव्या जमल्या. त्यांनी ओवीखाली नुसतं ‘लोकगीत’ लिहून सोडून दिलं नाही. कोणी गायली, कोणत्या गावची, हे नोंदवलं. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ त्या ओव्या इंटरनेटवर देतंय. तिथे ओवीचे शब्द वाचता येतात, आवाज ऐकता येतो, आणि गाणारीचं नाव, गाव, बऱ्याचदा फोटोही दिसतो. आम्ही आमच्या धड्याचा नमुना तिथून घेतला.

आता रचना सांगते. धडा आम्ही व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर ठेवला, कारण तो चालवायला वेगळं काही शिकावं लागत नाही. रात्री जेवणं उरकली की नऊ वाजता धडा येतो. एका वेळी एकच कलावंत. आधी एक फोटो किंवा दोन मिनिटांचा आवाज. त्याच्यामागून एक प्रश्न. मग थांबायचं. उत्तर बोलून पाठवायचं, लिहिण्याची सक्ती नाही. सगळ्यांची उत्तरं आली की मगच माहिती सांगायची. आधीच सगळं सांगून टाकलं तर प्रश्नात मजा राहत नाही. जिच्याकडे फोन नाही, किंवा फोन मालकांच्या खिशात असतो, तिच्यासाठी तोच धडा बैठकीत एका फोनवर मोठ्या आवाजात लावतो.

प्रश्न असा हवा, की चुकण्याची भीती वाटू नये. जन्मसाल विचारलं की बाया गप्प होतात, शाळा आठवते. म्हणून बी. प्रभांच्या धड्यात आम्ही सालं विचारली नाहीत. त्या १९३३ साली नागपूरजवळच्या बेला गावी जन्मल्या, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. उंच, सडपातळ कोळणी त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवल्या. आम्ही चित्र पाठवलं आणि विचारलं, ही बाजाराला निघालीय की विकून परत येतेय? ते तुम्ही कशावरून ओळखलं? मासळी विकणाऱ्या आमच्या बाया मान, खांदे, टोपली बघून जे बोलल्या, ते चित्रकलेच्या पुस्तकात वाचायला मिळणार नाही.

दुसऱ्या नसरीन मोहम्मदी. जन्म १९३७ चा, कराचीचा. पुढे बडोद्याला कलेच्या शिक्षिका. आपल्या अलिबाग तालुक्यातल्या किहीमच्या किनाऱ्याशी त्यांचं नातं होतं. त्यांच्या चित्रांत माणूस नाही, झाड नाही. नुसत्या बारीक सरळ रेषा, पेन्सिलीच्या आणि शाईच्या. २०१६ साली न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरवलं. या धड्यात प्रश्न नाही, काम आहे. ओहोटीला किनाऱ्यावर जा, जे दिसतं ते फक्त सरळ रेषांनी वहीत काढा, आणि फोटो पाठवा. खाली सही करायची. ‘मला चित्र येत नाही’ म्हणणारीनेही करायची.

धड्याचा शेवटचा भाग आपल्याच गावच्या कलावंताचा. धवलारीण असेल, गोधडी शिवणारी असेल, दारात रोज नवी रांगोळी घालणारी असेल. रेकॉर्डिंगच्या आधी तिला तीन गोष्टी विचारायच्या. आवाज घेऊ का? नाव सांगू का? ग्रुपच्या बाहेर पाठवलं तर चालेल का? तिची उत्तरंही रेकॉर्ड करून ठेवा. काही गाणी लग्नाच्या मांडवातच म्हणायची असतात. ती नको म्हणाली, तर ते गाणं घ्यायचं नाही. एकदा फॉरवर्ड झालेला आवाज परत बोलावता येत नाही. आणि तिच्या गाण्यावर कुणी पैसे कमवायला निघालं, तर तिचा वाटा किती, हेही आधी बोलून घ्या.

नाव लिहिताना ‘बंड्याची आई’ लिहू नका. तिला विचारा. माहेरचं लावायचं की सासरचं, ते ती ठरवेल. कुठे शिकलीस, कुणाकडून शिकलीस, हेही विचारा. म्हणजे तिच्या आईचं, आत्याचं, मावशीचं नाव बाहेर येईल. एका धड्यात अशा दोन पिढ्यांची नावं लागतात.

याने काय होतं? आपण पापडाच्या पाकिटावर गटाचं नाव छापतो, कारण नाव असलं की गिऱ्हाईक पुन्हा शोधत येतं. गाण्याचंही तसंच आहे. नाव असलं, तर शिकायला येणारी पोरगी कुणाच्या दारात जायचं ते जाणते.

तेव्हा येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं ठेवा. आपल्या वाडीतल्या एका बाईचं नाव ठरवा, तिच्या सोयीची वेळ विचारा, आणि दोघी-तिघी मिळून तिच्याकडे जा. फोन चार्ज केलेला असू द्या. पंखा आणि टीव्ही बंद करायला सांगा, आवाज स्वच्छ येतो. आणि पहिला प्रश्न तोच विचारा: बाई, तुमचं नाव काय?