माझी काकणं आणि ती घडवणारे हात

(कळंबा येथे झालेल्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांचा फोन आला, "तू जुन्या बांगड्या गोळा करतेस म्हणे. त्यावर वीस मिनिटं बोल." फोनमध्ये मागून दुसरा आवाज आला, "बांगड्यांवर वीस मिनिटं? तेवढ्यात माझं जेवण होतंय." तो आवाज कुणाचा ते मी ओळखलंय. ते गृहस्थ आत्ता तिसऱ्या रांगेत बसलेत. त्यांनी निदान चहा येईपर्यंत बसावं, एवढीच विनंती.

आधी एक खुलासा करते. माझ्या संग्रहात तीनशेच्या आसपास नग आहेत, पण त्यात सोनं गुंजभरही नाही. काच आहे, लाख आहे, पितळ आहे, गिलिटाचे गोठ आहेत, बेन्टेक्सच्या पाटल्या आहेत, थोडी चांदी आहे आणि प्लास्टिकही आहे. सोन्याचे दागिने मोडीत जातात, आटवले जातात, त्यांचं नवं काहीतरी होतं. खोटा दागिना कुणी आटवत नाही. तो एक तर फेकला जातो, नाही तर ट्रंकेच्या तळाशी तसाच राहतो. म्हणून जुन्या काळाची खरी नक्षी, खरी फॅशन बऱ्याचदा खोट्या दागिन्यातच शिल्लक राहते. मला हा छंद लागला तो यामुळेच.

इतिहासाच्या सरांनी आपल्याला ब्रह्मपुरीचं उत्खनन शिकवलं होतं, आठवतंय? पंचगंगेच्या काठची ती टेकडी. 1945-46 मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथं खोदलं. आपण सगळ्यांनी परीक्षेत काय लिहिलं, तर रोमन समुद्रदेवाची काशाची मूर्ती सापडली. ते बरोबरच आहे. टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आपण ती रांगेत उभं राहून बघितलीही आहे. पण त्याच टेकडीत काचेच्या बांगड्यांचे तुकडेही निघाले, आणि बहामनी काळाच्या थरांत तर रंगीत, वेलबुट्टीच्या बांगड्यांचे कितीतरी. म्हणजे पाच-सहाशे वर्षांपूर्वी आपल्या या कोल्हापुरात बायका बांगड्या भरत होत्या, त्या फुटत होत्या, आणि तुकडे उकिरड्यावर जात होते. मूर्ती परदेशातून आलेली. बांगड्या मात्र इथल्या मनगटावरच्या. मला विचाराल तर त्या तुकड्यांत आपला इतिहास जास्त आहे.

आता कासारांविषयी. आपल्या लहानपणी कासारीण मावशी दारात यायच्या. हात हातात घेऊन, अंगठ्याच्या मुळाशी दाबून, आपल्याला कळायच्या आत बांगडी मनगटावर चढलेली असायची. नुसतं बघून त्या माप सांगायच्या, "दोन-चार", "दोन-सहा". हे माप म्हणजे काय, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. दोन इंच आणि वर इंचाचे सोळा भाग करून त्यातले चार. म्हणजे दोन-चार म्हणजे सव्वादोन इंच. रुपयाचे सोळा आणे कधीच गेले, पण बांगडीच्या मापात ती सोळाची मोजणी आजही चालू आहे. महाद्वार रोडवर आज जाऊन विचारा, तरुण मुलगासुद्धा "दोन-सहा की दोन-आठ?" असंच विचारील.

आणि बांगड्या भरून झाल्या की कासाराला नमस्कार करायचा, ही आपली रीत. दागिना घडवणाऱ्या नाही तरी निदान हातात भरणाऱ्या माणसाला नमस्कार करणारी ही रीत मला फार मोठी वाटते. कारण बाकी कुठंच घडवणाऱ्याचं नाव आपल्याला माहीत नसतं.

हीच काचेची बांगडी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुठून येत असेल? पुष्कळशी बोहेमियातून! आजच्या चेक देशात याब्लोनेत्स नावाचं गाव आहे, जर्मन लोक त्याला गाब्लोन्झ म्हणत. तिथले काच कारागीर खास हिंदुस्थानासाठी बांगड्या करत. हिंदुस्थान कधी डोळ्यांनी न बघितलेली माणसं आपल्या आज्ज्या-पणज्यांच्या आवडीनिवडी ओळखून रंग लावत होती. 1914 चं महायुद्ध सुरू झालं आणि तो माल थांबला. मग जपानचा माल आला, आणि आपल्या उत्तर प्रदेशातल्या फिरोझाबादेच्या भट्ट्याही वाढल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर गाब्लोन्झच्या जर्मन कारागिरांना घरंदारं सोडून जावं लागलं. त्यांनी जर्मनीत काउफबॉयरेनजवळ नवी वस्ती केली आणि तिचं नाव ठेवलं नॉयगाब्लोन्झ, म्हणजे नवं गाब्लोन्झ. गाव गेलं, पण हातातली कला बरोबर नेली. आपल्याकडं धरणग्रस्त गावांची नवी वसाहत होते आणि जुनंच नाव पुढं चालतं, तसंच म्हणा ना.

फिरोझाबादची बांगडी कशी होते ते सांगते, म्हणजे उद्या हातातल्या बांगडीकडं तुम्ही वेगळ्या नजरेनं बघाल. भट्टीतली वितळलेली काच फिरत्या दांड्यावर धाग्यासारखी गुंडाळत नेतात, स्प्रिंगसारखी. मग ते वेटोळं उभं कापलं की एकेक कडं सुटं होतं, तोंड उघडं असलेलं. ती दोन टोकं ज्योतीवर तापवून जोडावी लागतात. हे जोडकाम घराघरांत चालतं. दिवसभर ज्योतीसमोर बसून, बायकांनी आणि कितीतरी वेळा पोरांनीसुद्धा केलेलं. बांगडीवरून बोट फिरवलंत तर एका जागी बारीकसा उंचवटा लागेल. तो सांधा. तिथं कुणाचा तरी हात लागलाय.

आपल्याकडं मोर्चात अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर करतात. "हातात बांगड्या भरल्यात का?" असं एकमेकांना म्हणतात. हजार अंशांवर तापलेल्या भट्टीसमोर उभं राहणाऱ्या माणसाला विचारा, बांगडी हे दुबळेपणाचं लक्षण आहे का ते.

आता आपल्या गुजरीकडं येऊ. जानेवारी 1963 मध्ये सरकारनं सुवर्ण नियंत्रण आणलं. चौदा कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने करायला बंदी. मोरारजीभाई तेव्हा अर्थमंत्री होते. चौदा कॅरेट म्हणजे सोनं जेमतेम अठ्ठावन्न टक्के. लग्नात असले दागिने घ्यायला लोक तयार होईनात, आणि देशभरातल्या सोनारांच्या हातचं काम गेलं. पुढं 1968 चा कायदा आला, तो 1990 मध्ये रद्द झाला. माझ्या संग्रहात पितळेवर सोन्याचा मुलामा दिलेली पाटल्यांची एक जोडी आहे. नक्षी इतकी बारीक, की बघणारा सराफ दोनदा बघतो. मला ती देणाऱ्या बाई म्हणाल्या, "आमचे सासरे सोनार होते. काम बसलं तेव्हा हीच नक्षी ते पितळेवर कोरायचे. हात थांबला तर बोटं विसरतात, म्हणायचे." त्या पाटल्यांची बाजारात किंमत काही नाही. मी त्या सगळ्यात वर ठेवल्या आहेत.

हुपरीचं तर काय सांगू! चांदीचं गाव म्हणून देशभर नाव. आपल्या वर्गातल्या एकीचं सासर तिथलं, म्हणून मला घराघरांत जाता आलं. चांदी मुशीत वितळते, तार ओढली जाते, कड्या होतात, डाग देऊन जोडल्या जातात, पॉलिश होतं. एका पैंजणाला किती हात लागतात ते मोजत बसले आणि मोजणं सोडून दिलं. त्यातलं बरंचसं काम बायका घरी करतात. चुलीवर आमटी उकळतीय आणि शेजारी घुंगरं जोडणं चाललंय. तो माल साऱ्या देशात जातो. त्याच्यावर छाप असलाच तर पेढीचा असतो. घुंगरू जोडणारीचा नसतो.

आपली एक मैत्रीण अमेरिकेत, न्यू जर्सीत असते. तिनं तिथल्या जुन्या बाजारातून मला एक ब्रेसलेट आणून दिलं. सोनेरी मुलाम्याचं, पानांच्या घाटाचं. आतल्या बाजूला बारीक अक्षरांत नाव: ट्रिफारी. नावातल्या टीच्या डोक्यावर मुकुट, आणि शेजारी वर्तुळात सी. ही न्यूयॉर्कची खोट्या दागिन्यांची नामांकित कंपनी. 1953 मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या पत्नीनं शपथविधीच्या समारंभात ट्रिफारीचे खोटे मोती घातले होते. राष्ट्राध्यक्षांच्या बायकोनं खोटे मोती! तिथं त्याची लाज वाटली नाही, उलट बायका दुकानांत धावल्या. त्यांचा रचनाकार आल्फ्रेड फिलिप हा आधी हिऱ्यामोत्यांच्या बड्या पेढ्यांची कामं करणारा. 1955 मध्ये कंपनीनं नक्कल करणाऱ्यांवर खटला भरला आणि कोर्टानं मान्य केलं, की खोटा दागिना हीसुद्धा कलाकृती असू शकते, तिच्यावर हक्क सांगता येतो. तेव्हापासूनच्या ट्रिफारीवर ते वर्तुळातलं सी दिसतं. म्हणून माझं ब्रेसलेट 1955 नंतरचं, एवढं मी छातीठोक सांगू शकते.

मला आधी वाटलं, बघा, तिथं नाव कोरतात, आपल्याकडं नाही. पण थोडं खोलात गेल्यावर कळलं, की तिथंही नाव कंपनीचं. प्रॉव्हिडन्स हे त्या धंद्याचं मोठं शहर. तिथं परदेशातून आलेल्या गरीब बायका स्वयंपाकघरातल्या टेबलावर खडे चिकटवत आणि कड्या जोडत बसायच्या. म्हणजे प्रॉव्हिडन्स काय, फिरोझाबाद काय आणि हुपरी काय, बाई तीच.

आता जरा अवघड विषय काढते, कारण तो काढल्याशिवाय बांगड्यांवरचं बोलणं खरं होणार नाही.

आपल्याकडं बांगडी फुटली म्हणत नाहीत, "वाढवली" म्हणतात. केवढी माया आहे त्या शब्दात. पण नवरा गेला की हाच शब्द कुणी वापरत नाही. तेव्हा सरळ "फोडल्या" म्हणतात. माझ्या संग्रहात अकरा हिरव्या बांगड्या आहेत, अगदी साध्या. आमच्या गल्लीतल्या एका काकूंच्या. काका गेले त्या दिवशी बायका जमल्या, तेव्हा त्यांची लेक पुढं झाली. आईचा हात तिनं साबणाच्या पाण्यात धरला आणि एकेक बांगडी अलगद काढली. एकही फोडू दिली नाही. पुढं काकूंनी त्या कागदात बांधून मला आणून दिल्या. म्हणाल्या, "माझ्या मनगटावर काच रुतली नाही, एवढं पोरीनं केलं. तुझ्याकडं राहू देत." बारावी कुठं गेली, ते मी कधी विचारलं नाही.

मे 2022 मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, की गावात विधवा प्रथा बंद. कुंकू पुसणं नाही, मंगळसूत्र तोडणं नाही, जोडवी काढणं नाही, बांगड्या फोडणं नाही. त्याच महिन्यात सरकारनं हा कित्ता गिरवायला राज्यातल्या ग्रामपंचायतींना सांगितलं. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. 1917 साली संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा करणाऱ्या राजाला याहून चांगलं अभिवादन कोणतं? ठराव कागदावर झाला. घरात तो आपल्यालाच करायचाय. आपण सगळे आता त्या वयात आलोय, मित्रमैत्रिणींनो. आपल्यातले काही जण आज या मेळाव्यात नाहीत. त्यांच्यामागं राहिलेल्या आपल्या वहिनी इथं आल्या आहेत, आणि त्यांतल्या दोघींच्या हातात आज काचेच्या बांगड्या आहेत. मी आल्या आल्या पाहिलं. मला फार बरं वाटलं.

शेवटी दोन-तीन कामाच्या गोष्टी. घरात जुनं काही असेल तर चांदीजवळ रबरबँड ठेवू नका, चांदी काळी पडते. सुती कापडात गुंडाळा. जुनी हस्तिदंतासारखी दिसणारी बांगडी कोमट पाण्यात धरून वास घ्या. कापराचा वास आला तर ती सेल्युलॉइडची. ती देवघरातल्या निरांजनापासून लांब ठेवा, चटकन पेट घेते. औषधासारखा उग्र वास आला तर बेकेलाइटची. आणि मुलामा उडालेल्या पाटल्यांना परत मुलामा देऊ नका. झिजलेली जागा म्हणजे घालणारीचं आयुष्य आहे.

माझी मागणी एकच. मला बांगड्या देऊ नका, घरात जागा नाही आणि आमच्या ह्यांनी कपाटाला कुलूप लावायची धमकी दिलीय. मला नावं द्या. तुमच्या आईला बांगड्या कोण भरायचं? लग्नातला चुडा कुठल्या कासाराकडचा? गुजरीत तुमचा सोनार कोण, हुपरीत घुंगरं कोण जोडायचं? आईला, मावशीला, आत्याला आज घरी जाऊन विचारा, कारण हे सांगणारी माणसं आता थोडीच राहिलीत. चहाच्या टेबलाशेजारी मी एक वही ठेवली आहे. आठवतील तेवढी नावं तिच्यात लिहा. तिसऱ्या रांगेतल्या गृहस्थांनी सुरुवात करावी. त्यांच्या आजी महाद्वार रोडवर बांगड्या विकायच्या, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत होतं?