एकाचे दुखणे, दोघांचा भार
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत, तो चारचौघांत उच्चारण्याची आपल्याकडे रीत नाही. परंतु ज्या दुखण्याचे नाव घेता येत नाही ते घरात एकटेपणा आणते; म्हणून हा संकोच क्षणभर बाजूस ठेवण्याची अनुज्ञा असावी. विषय आहे प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग.

अक्रोडाएवढी ही ग्रंथी पुरुषांच्या मूत्राशयाखाली, मूत्रमार्गास वेढून असते. उतारवयात ती वाढते; अशी प्रत्येक वाढ कर्करोगाची नसते. तथापि धार मंदावणे किंवा लघवीतून रक्त जाणे हा 'वयाचा दोष' समजून अंगावर काढू नये. सन २०२२ मध्ये जगात १४ लाखांहून अधिक पुरुषांस हा रोग नव्याने आढळला.

पुरुषत्वाचे संप्रेरक रोखले असता हा रोग मंदावतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखविले. १९६६ मध्ये त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. हा उपचार आजही उपयोगी आहे, परंतु त्याचे मोल द्यावे लागते. अंगातून वाफा निघतात, हाडे ठिसूळ होतात, कामेच्छा मावळते, मन खिन्न होते. शस्त्रक्रियेनंतर लघवीवरील ताबा काही काळ सुटतो. पुष्कळांची संभोगशक्ती क्षीण होते.

आता गृहिणीकडे पाहा. रात्री उठून चादर बदलणारी तीच, औषधांच्या वेळा सांभाळणारी तीच, आणि आल्यागेल्यास 'बरे आहे' असे सांगणारीही तीच. पती लाजेने पाठ फिरवून निजतो. तिला वाटते, आपणच नकोशा झालो. परस्परांस दुःख होऊ नये म्हणून दोघेही मौन धरतात, आणि त्या मौनानेच दोघे झुरतात. पत्नीची चिंता रोग्याइतकीच, कित्येकदा अधिक असते, असे अभ्यासकांस आढळले आहे.

यास्तव आमची विनंती अशी. उपचार ठरण्यापूर्वी पतिपत्नींनी डॉक्टरांकडे जोडीने जावे आणि पुढे काय होईल हे स्पष्ट विचारावे. रोग सौम्य असेल तर शस्त्रक्रियेची घाई न करता नियमित तपासणीवरही राहता येते. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम शिकून घ्यावा. त्याने लघवीवरील ताबा येण्यास साहाय्य होते. संभोगाच्या अडचणीवरही औषधे आहेत. ती विचारण्यात लाज कसली? मुलासुनांनी आठवड्यातून एक दिवस तरी शुश्रूषा आपल्याकडे घ्यावी, म्हणजे त्या माउलीस चार घटका देवळात किंवा मैत्रिणीकडे जाता येईल.

आपले मंडळ विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या देते, वधूवरांच्या गाठी घालून देते. ज्यांनी हा प्रसंग निभावला अशा एखाद्या जोडप्याची गाठ नव्याने त्यात सापडलेल्या जोडप्याशी घालून द्यावी, एवढे कार्य त्याने आणखी अंगीकारावे. त्यास द्रव्य लागत नाही, आपुलकी पुरे. विवाहात 'नातिचरामि' म्हणून दिलेल्या वचनाची खरी कसोटी अशाच दिवसांत लागते. त्या कसोटीस उतरणाऱ्यांच्या पाठीशी ज्ञातीने उभे राहावे, एवढेच मागून आम्ही आपली रजा घेतो.