चंदीगडचे मिल्खासिंग : मैदान आणि घर
(गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



यंदा बोलणाऱ्यांच्या यादीत माझे नाव घातल्याचे कळले तेव्हा मी चिटणीसांना म्हटले, "अहो, मी रेल्वेचा डिप्लोमा इंजिनिअर. रूळ आणि स्लीपर सोडून मला काय येते?" ते म्हणाले, "मग धावण्यावर बोला!" म्हणून मी आपल्याच गावच्या माणसावर, मिल्खासिंगांवर बोलणार आहे. माझी त्यांच्याशी ओळख नव्हती. जे वाचले, ऐकले आणि या शहरात राहून जाणवले, तेवढेच सांगतो.

मिल्खासिंग म्हटले की आपल्याला १९६० चे रोम ऑलिंपिक आठवते. ४०० मीटरची अंतिम शर्यत, चौथा क्रमांक. हाती घड्याळावर त्यांची वेळ ४५.६ सेकंद आणि तिसऱ्या आलेल्या स्पेन्सची ४५.५. सेकंदाचा दहावा भाग म्हणजे किती? मी आमच्या पद्धतीने हिशेब केला. त्या वेगाने माणूस एका सेकंदात पावणेनऊ मीटर जातो, म्हणजे दहाव्या भागात सुमारे ८८ सेंटीमीटर. आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर असते. त्याच्या निम्मे धरा आणि वर दोन-तीन बोटे, एवढ्यावरून पदक गेले. अडीचशे मीटरच्या आसपास आपण वेग आवरला आणि तिथेच चुकलो, असे ते स्वतः सांगत. तरीही त्यांचा तो राष्ट्रीय विक्रम १९९८ पर्यंत टिकला.

पण रोमच्या त्या ८८ सेंटीमीटरमध्ये आपण हा माणूस फार कोंडून ठेवला आहे, असे मला वाटते. १९५८ साली टोकियोच्या आशियाई स्पर्धेत दोन सुवर्णपदके, त्याच वर्षी कार्डिफला राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्ण, १९६२ साली जकार्तात पुन्हा दोन, ही यादी पाठ करणारेसुद्धा त्यांच्या घराविषयी बोलत नाहीत. मला मात्र त्यांच्या आयुष्यातली मोठी गोष्ट घर हीच वाटते.

त्यांचे पहिले घर फाळणीत गेले. आता पाकिस्तानात असलेले गोविंदपुरा हे त्यांचे गाव. तिथून शाळेला जायचे म्हणजे अनवाणी, तापल्या वाळूतून पळत. १९४७ मध्ये आई-वडील मारले गेले. हा मुलगा मुलतानच्या गाडीत बायकांच्या डब्यात बाकाखाली लपून निघाला. रेल्वेत नोकरी करतो म्हणून असेल, पण हा प्रसंग वाचताना मला तो डबाच डोळ्यांसमोर दिसतो. पुढे दिल्लीत निर्वासितांच्या छावणीत दिवस काढले. विनातिकीट प्रवासात पकडले गेले आणि तुरुंगात गेले. बहिणीने स्वतःचे दागिने विकून सोडवून आणले. (तिकीट तपासणारा आमच्याच खात्याचा! त्याला तरी काय ठाऊक, आपण कोणाला पकडतो आहोत.) सैन्याने तीनदा नाकारले, चौथ्या वेळी, १९५१ साली, घेतले. सिकंदराबादला ईएमई केंद्रात त्यांना धावण्याची खरी वाट सापडली.

निर्मल कौर भारतीय महिला व्हॉलीबॉल संघाच्या कर्णधार. दोघांची भेट १९५५ साली कोलंबोत झाली. कागद जवळ नव्हता म्हणून हॉटेलचा नंबर आपण त्यांच्या हातावरच लिहून दिला, असे मिल्खासिंग हसत सांगत. लग्नाला मुलीच्या घरून विरोध होता. तेव्हा खुद्द पंजाबचे मुख्यमंत्री प्रतापसिंग कैरों यांनी मध्यस्थी केली. लग्न झाले. ते पंजाब सरकारच्या क्रीडा खात्यात, दोघेही खेळाच्याच कामात. तीन मुली, एक मुलगा. १९९९ च्या कारगिल युद्धात टायगर हिलवर हुतात्मा झालेले हवालदार बिक्रमसिंग यांच्या सात वर्षांच्या मुलाला त्यांनी आपला मानले. तेव्हा मिल्खासिंगांनी सत्तरी गाठली होती. त्या वयात आपण नातवंडांशी खेळायची भाषा करतो.

मुलाने खेळाडू होऊ नये, शिकून डॉक्टर-इंजिनिअर व्हावे, असेच त्यांना वाटत होते. एवढा मोठा खेळाडू, पण बाप म्हणून अगदी आपल्यासारखाच! मात्र स्वतः गोल्फच्या मैदानावर जात, मुलगाही बरोबर जाई, आणि जीव मिल्खासिंग गोल्फरच झाला. २००६ आणि २००८ साली तो आशियाई टूरच्या कमाईत पहिला होता. वडिलांना १९५९ साली पद्मश्री मिळाली होती, मुलाला २००७ साली.

मोकळ्या हवेचे वेड त्यांना शेवटपर्यंत होते. सरावाच्या दिवसांत ते डोंगर चढत, यमुनेच्या वाळूत धावत, मीटरगेजच्या गाडीशी शर्यत लावत, असे सांगतात. गाडीचे खरे-खोटे आमचे जुने ड्रायव्हर जाणोत. उतारवयातही सकाळचे पळणे आणि गोल्फ सुटले नव्हते. सुखना तलावाच्या काठाने फिरणाऱ्या आपल्या मंडळींना हे वेगळे सांगायला नको.

मे २०२१ मध्ये घरात करोना आला. १३ जूनला मोहालीच्या रुग्णालयात निर्मल कौर गेल्या. मिल्खासिंग तेव्हा इथे अतिदक्षता विभागात होते. ज्यांच्या हातावर नंबर लिहिला, त्यांच्या अंत्ययात्रेला ते जाऊ शकले नाहीत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भुसावळला माझे काका वारले. मी ड्युटीवर होतो, अंत्यदर्शन मोबाईलवर घेतले. या सभागृहात असे बरेच जण असतील, म्हणून यावर अधिक बोलत नाही. पाच दिवसांनी, १८ जूनला, पीजीआयमध्ये मिल्खासिंगही गेले. सेक्टर २५ च्या स्मशानभूमीत शासकीय इतमामाने त्यांना निरोप दिला, तेव्हा त्यांच्या हाती निर्मल कौर यांची तसबीर ठेवलेली होती.

डोळे मिटण्यापूर्वी ॲथलेटिक्समध्ये भारताचे ऑलिंपिक सुवर्ण पाहायचे आहे, असे ते वर्षानुवर्षे म्हणत. ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत नीरज चोप्राने भाल्याचे सुवर्ण जिंकले आणि ते मिल्खासिंगांना अर्पण केले. मधले दिवस मोजले तर पन्नास भरतात. नीरज आपल्याच सेक्टर १० मधल्या डीएव्ही कॉलेजचा विद्यार्थी.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे.