डोंगर कोणाचा, वीज कोणाची?



पिंपरी-चिंचवड आणि चाकण येथील कारखान्यांची तहान सह्याद्रीच्या ज्या रांगांतून उतरणाऱ्या नद्या भागवतात, त्याच रांगांकडे विजेचीही मागणी केली जाते. ही मागणी नवी नाही. मुळशीच्या खोऱ्यात टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी धरण बांधण्यास प्रारंभ झाला, तेव्हा १९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. कोळशाच्या धुराविना मिळणारी ती वीज मुंबईच्या उद्योगांसाठी होती आणि बुडालेली भातखाचरे मावळ्यांची होती. आजच्या भाषेत तिला ‘स्वच्छ ऊर्जा’च म्हणावे लागेल. परंतु ज्या ऊर्जेसाठी माणसाला आपल्या घरातून उठावे लागते, तिला स्वच्छ म्हणावे काय, हा मुळशीने विचारलेला प्रश्न शंभर वर्षांनंतरही उत्तराची वाट पाहत आहे.

हाच प्रश्न पुढे खेड तालुक्याच्या पश्चिम भागात उभा राहिला. भीमाशंकर अभयारण्यालगतच्या डोंगरमाथ्यांवर एका खाजगी कंपनीच्या पवनचक्क्यांना वनजमीन देण्यात आली. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११ च्या आपल्या अहवालात या प्रकल्पाची कठोर चिकित्सा केली. वनखात्याच्याच अंदाजानुसार सुमारे २८ हजार झाडे तोडली गेली. अवजड पाती वर नेण्यासाठी डोंगर कापून काढलेल्या रस्त्यांमुळे दरडी कोसळल्या आणि त्यांचा राडारोडा खालच्या शेतांत व जलाशयांत उतरला. पिढ्यान्‌पिढ्या ज्या डोंगरावर माणसे वावरत आली, तेथे जाण्यास त्यांना अटकाव झाला. वनहक्क कायदा २००६ सालचा. पण तेथील वननिवासींचे हक्क मान्य झालेले नव्हते.

वारा कोणाच्याही मालकीचा नाही, हे खरे. पण वारा अडवण्यासाठी लागणारा डोंगर कोणाचा, याचा निर्णय मुंबई-दिल्लीत झाला. दोष पवनचक्कीचा नव्हे; दोष निर्णयाच्या जागेचा आहे. धूर ओकणाऱ्या कोळशापेक्षा वारा आणि सूर्य यांची वीज शतपटीने बरी, हे समाजवाद्याने निःसंकोचपणे सांगितले पाहिजे. हवामान बिघडल्याचा पहिला घाव आदिवासी वाड्यांवरच पडतो. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण हे महादेव कोळ्यांचे गाव डोंगराखाली गाडले गेले आणि १५१ माणसे मृत्युमुखी पडली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी या ठाकरांच्या वाडीवर तोच प्रसंग ओढवला. अतिवृष्टीचे दिवस वाढत जाणार असतील, तर डोंगरउतारावरील वाडीला संरक्षण हवेच. पण ते कोणी आखावयाचे?

याचे एक उत्तर आंबेगावातच मिळते. घोड नदीवरील डिंभे धरणाने विस्थापित केलेल्या आदिवासींमध्ये आनंद कपूर आणि कुसुमताई कर्णिक यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने दीर्घकाळ काम केले. जलाशयाच्या पाण्यात मासेमारीचा हक्क आदिवासींच्या सहकारी संस्थेला मिळावा, पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीत त्यांना पीक घेता यावे, यासाठी हा लढा झाला. पडकई ही महादेव कोळ्यांची जुनी पद्धत. अनेकांनी मिळून, हाताने, उताराचा कल ओळखून दगडी बांध घालावयाचे आणि भाताची खाचरे तयार करावयाची. यंत्र लावून डोंगर ओरबाडणे आणि पडकई यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. या कार्याला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळाले. बाहेरच्या कार्यकर्त्यांनी साथ दिली. ज्ञान आणि श्रम जमातीचे होते.

विजेच्या बाबतीत असे घडू शकत नाही, असे म्हणणाऱ्यांनी कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागातील ब्लू लेक रँचेरिया या छोट्या मूलनिवासी जमातीकडे पाहावे. जमातीच्या निर्वाचित मंडळाने सौर पट्ट्या आणि बॅटरी यांवर चालणारी आपली स्वतंत्र वीजव्यवस्था उभारली. ऑक्टोबर २०१९ मध्ये वणव्याच्या भीतीने खाजगी वीज कंपनीने सारा परिसर अंधारात टाकला, तेव्हा या जमातीचे दिवे चालू राहिले. यंत्रांवर ज्यांचा श्वास अवलंबून होता अशा आजारी शेजाऱ्यांना तिने आपल्या हॉटेलात आसरा दिला. ज्यांना अनुदानाचे लाभार्थी समजले जाते, तेच मालक झाल्यावर परिसराचे आधार बनले.

यावर आक्षेप येईल, की ग्रामसभेजवळ भांडवल कोठे आहे? परंतु महाराष्ट्रातील ऊस उत्पादकांजवळ तरी ते कोठे होते? शासनाने भागभांडवल दिले, कर्जाला हमी दिली, तेव्हा सहकारी साखर कारखाने उभे राहिले. बागायतदाराला जे मिळाले ते हिरडा वेचणाऱ्याला का मिळू नये? सहकाराची पुढे जी अधोगती झाली, तिच्यापासून धडा जरूर घ्यावा. पण ती निमित्त करून आदिवासीला भाडेपट्ट्याच्या चार पैशांवर वाटेला लावू नये.

हे तातडीचे आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकारने मावळातील शिरवटा व रायगडमधील भिवपुरी येथे मिळून २,८०० मेगावॅटच्या उदंचन जलविद्युत प्रकल्पांसाठी टाटा पॉवरशी करार केला. स्वच्छ विजेची भूक वाढत जाणार आणि डोंगर तेच राहणार. वनहक्क कायद्याचा आधार ग्रामसभेला सर्वत्र आहे. आंबेगाव-जुन्नरच्या अनुसूचित गावांत १९९६ च्या पेसा कायद्याचीही जोड आहे. नियमगिरीच्या डोंगरावर १२ ग्रामसभांनी २०१३ साली एकमुखाने नकार दिला, तो याच बळावर. नकाराचा अधिकार ज्याच्या हाती असतो, त्याच्याच होकाराला किंमत असते.

म्हणून डोंगरभागातील कार्यकर्त्यांनी पुढचा प्रकल्प येण्याची वाट न पाहता सामूहिक वनहक्काचे दावे आजच पूर्ण करून घ्यावेत. आणि चाकण-पिंपरीच्या कामगार संघटनांनी व्यवस्थापनासमोर वेतनाची मागणी ठेवताना आणखी एक प्रश्न ठेवावा: कारखाना जी हरित वीज विकत घेतो, ती कोणत्या डोंगरावरून येते आणि तेथील ग्रामसभेचा ठराव कोठे आहे?