प्लास्टिकची गिटार आणि आपली पेटी

गणपतीच्या मांडवात व्हिडिओ गेमचा विषय काढला म्हणून कोणी दचकू नये.

2005 साली अमेरिकेत 'गिटार हिरो' हा खेळ आला. प्लास्टिकच्या गिटारीवर पाच रंगीत बटणे. पडद्यावर खूण आली की त्या रंगाचे बटण दाबायचे. घरबसल्या सगळे वादक झाले. 2007 मध्ये 'रॉक बँड'ने ड्रम आणि माइकही आणले. 2009 मध्ये तर नव्या आवृत्त्यांचा पूर आला. वाद्ये महाग, खेळ मात्र तोच. लोक कंटाळले. फेब्रुवारी 2011 मध्ये ॲक्टिव्हिजन कंपनीने 'गिटार हिरो'चा विभागच बंद केला.

याचा आपल्या सीमाभागाशी काय संबंध? सुळेभावीत कुमार गंधर्व जन्मले. बेळगावात पं. रामभाऊ विजापुरे यांनी अनेक पिढ्यांना पेटी शिकवली. इथे दाद मिळायला वर्षे लागत. त्या खेळात ती पहिल्याच दिवशी मिळे, म्हणून ओढही लवकर ओसरली, असे आम्हांला वाटते.

आपल्या मांडवातही हा धोका आहे. ढोल दहा दिवस घुमतो, विसर्जनानंतर खोलीला कुलूप. आरतीला पेटी धरणारे आज दोघेच, तेही साठीपुढचे. म्हणून आम्ही ठरवले आहे: विसर्जनानंतर दर रविवारी सकाळी मंडळाची खोली पेटी-तबल्यासाठी उघडी राहील. मुलांनी गेम सोडूनच यावे असे नाही. बटणांवर तयार झालेली बोटे तेवढी सोबत आणावीत.

गणपती बाप्पा मोरया!