कणसातच दाणा का उगवतो?

(नेकनूर, जि. बीड येथील शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



खरीप ज्वारी काढणीला आली, चार दिवस झड लागली आणि कणसातच मोड फुटले, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. असा माल नेकनूरच्या बाजारात नेला, तर व्यापारी मूठभर दाणे हातावर घेऊनच भाव पाडतो. बियाण्यासाठीही तो चालत नाही. १९६४ मध्ये सी.एस.एच.-१ हा संकरित वाण आला. पुढे लवकर येणारे वाण पसरले, उत्पादन वाढले. मात्र जुने उंच गावरान वाण पाऊस सरल्यावर पक्व होत; हे नवे वाण ऐन पावसात सापडू लागले.

दाणा भरत असताना झाड त्याला झोपी घालते. हीच सुप्तावस्था. हे काम ॲब्सिसिक आम्ल हे संजीवक करते, आणि त्याचा हुकूम दाण्याने पाळावा म्हणून व्हीपी-१ नावाचे जनुक लागते. आता जनुकाचा निरोप पेशी जसाच्या तसा वापरत नाही. त्यातील नको ते तुकडे कापून टाकते व कामाचे जोडते. शिंपी एकाच कापडातून सदरा शिवतो किंवा बंडी. तसे जोडणी बदलली की एकाच जनुकातून निरनिराळी प्रथिने होतात. कातर चुकली तर कापड वाया.

गव्हात हेच घडते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात गव्हातील व्हीपी-१ चे बहुतेक निरोप चुकीचे जोडलेले आढळले; त्यांतून पूर्ण प्रथिन बनत नाही. गव्हाच्या पूर्वजांतही हा दोष निघाला, तेव्हा त्याचे खापर आधुनिक वाणांवर फोडता येत नाही. रानओट या तणातील हेच जनुक गव्हात घातले, तेव्हा ओंबीतच उगवण्याचे प्रमाण घटले. ज्या तणाला आपण शिव्या देतो, त्याच्याकडे हा गुण शाबूत आहे!

ज्वारीत या जनुकाचा अभ्यास अर्जेंटिनात झाला. कणसात सहसा न उगवणाऱ्या वाणात ते दाणा भरण्याच्या उशिराच्या काळातही जोरात काम करताना दिसले.

आपल्या हाती काढणीची वेळ आहे. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला, की दाणा पक्व झाला. पुढे तो ताटावर वाळण्याची वाट पाहू नका. कणसे खुडून छपराखाली पातळ पसरा, ढीग घालू नका. दाण्यातील ओलावा १० ते १२ टक्क्यांवर आल्यावरच साठवण करा. भिजलेली कणसे वेगळी ठेवा, बियाण्यात मिसळू नका.