मृगांतील तेजोमेघाचें छायाचित्र

हिवाळ्यांतील रात्रीं मृग नक्षत्र आपण सर्वांनीं पाहिलें आहे. व्याधाचा बाण म्हणून ज्या तीन तारका आपण ओळखतों, त्यांच्या किंचित् दक्षिणेस, आकाश खरोखर काळें असेल तर, धुक्यासारखा एक ठिपका नुसत्या डोळ्यांनाहि दिसतो. हाच मृगांतील तेजोमेघ. तो सुमारें १३५० प्रकाशवर्षें दूर असून, त्याच्या गर्भांतील तरुण व अतितप्त ताऱ्यांच्या किरणांनीं तेथील हायड्रोजन वायु प्रदीप्त झाला आहे.

दुर्बिणींतून हा मेघ बहुधा करडा दिसतो. छायाचित्रांत मात्र तांबूस उमटतो. मंद प्रकाशांत डोळ्यांस रंग कळत नाहींत, आणि आलेला प्रकाश डोळा सांठवूनहि ठेवीत नाहीं. छायाचित्राची कांच तो सांठविते. ३० सप्टेंबर १८८० रोजीं न्यूयॉर्कजवळ हेन्री ड्रेपर यांनीं ११ इंची दुर्बीण ५१ मिनिटें या मेघावर रोखून त्याचें पहिलें छायाचित्र घेतलें. १८८३ मध्यें इंग्लंडांत अँड्र्यू कॉमन यांनीं ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीनें घेतलेल्या चित्रांत तर डोळ्यांस न दिसणारे तारेहि उमटले. आज कांचेच्या जागीं सिलिकॉनची चकती आली आहे, आणि अनेक चित्रांची बेरीज गणकयंत्र करितें; तत्त्व तेंच आहे.

परंतु कांच काय, चकती काय, दोन्ही आकाशाची प्रभाहि तितक्याच इमानानें सांठवितात. शहरांतील दिव्यांनीं उजळलेल्या आकाशाखालीं मेघाच्या नाजूक कडा त्या प्रभेंत बुडून जातात. केवळ हायड्रोजनचा तांबडा प्रकाश आंत सोडणारी कांच दुर्बिणीस लावून शहरांतूनहि कांहीं साधतें; पण धुळीवरून परावर्तित होणारी मेघाची निळसर छटा तिच्यामुळें गमवावी लागते.

म्हणून काळोखाची जागा शोधावी लागते. लडाखांतील हानले येथें २०२२ मध्यें असें क्षेत्र राखून ठेवण्यांत आलें. आपल्या पेंच व्याघ्रप्रकल्पास जानेवारी २०२४ मध्यें असा मान मिळाला. त्यासाठीं जवळच्या गांवांतील शंभराहून अधिक दिव्यांचीं तोंडें जमिनीकडे वळविण्यांत आलीं. दिवे विझविले नाहींत, गांवेंहि अंधारांत पडलीं नाहींत.

एवढें आपणांसहि करतां येईल. साडेतेराशें वर्षें चालून आलेला प्रकाश अखेरच्या क्षणीं आपल्याच अंगणांतील उघड्या दिव्यापुढें लोपावा, हें आपणांस शोभत नाहीं.